जुन्या लष्करी पिस्तुलांवरील नंबर आणि अस्सलपणा

लष्करी पिस्तुलाच्या सुट्या भागांवर नंबर मारण्याची पद्धत कारागिराच्या कानशीपासून सुरू झाली. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांत यंत्रे आली, तरी भाग यंत्रातून थोडे जाडच काढले जात आणि कारागीर ते घासून एकमेकांत बसवी. एका पिस्तुलाचा चाप दुसऱ्यात बसेलच असे नव्हते; बसला तरी नीट चालेल याचा भरवसा नव्हता. एकदा जमवलेले पिस्तूल पुन्हा सुटे करून भट्टीत, पॉलिशला आणि निळसर काळा रंग चढवण्यासाठी पाठवावे लागे. तिथून परत आल्यावर सारख्या दिसणाऱ्या शेकडो तुकड्यांतून आपला तुकडा ओळखायचा, तर त्यावर खूण हवी. चकमकीच्या बंदुकांच्या काळात ही खूण कानशीच्या दोन-चार खाचांची किंवा रोमन आकड्यांची असे. पुढे पोलादी पंचाने ठोकलेले आकडे आले.

सैन्यात या नंबरांना दुसरा उपयोग सापडला. पलटणीतले शिपाई एकत्र बसून हत्यारे साफ करतात, तेव्हा भागांची अदलाबदल सहज होते. दुरुस्तीच्या कार्यशाळेत तर ती होतेच. प्रत्येक भागावर नंबर असला की चुकीचा भाग लगेच उघडा पडतो आणि हत्यार कोणाच्या नावावर दिले होते हेही कळते. इथे एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. कारखान्याने मारलेला नंबर हा पिस्तुलाचा जन्मनंबर. सिलेखान्याने, पलटणीने किंवा पोलीस ठाण्याने नंतर घातलेला नंबर हा मालाच्या नोंदीचा. बिकानेरच्या जुनागड किल्ल्यातील सिलेखान्याच्या शस्त्रांवर ठिपक्यांनी कोरलेली देवनागरी अक्षरे आणि आकडे आढळतात, ते या दुसऱ्या जातीचे. हे दोन नंबर एकमेकांशी जुळत नाहीत, आणि जुळावेत अशी अपेक्षाही चूक आहे. संस्थानी हत्यारावर दोन-तीन वेगवेगळे आकडे दिसले की ते बनावट समजून नाकारणारे लोक भेटतात. प्रत्यक्षात ते आकडे त्या हत्याराचा प्रवासच सांगत असतात.

भागाभागावर नंबर मारण्याची सर्वांत काटेकोर पद्धत जर्मन सैन्याची. जर्मन नौदलाने 1904 मध्ये आणि भूदलाने 1908 मध्ये लुगर पिस्तूल स्वीकारले. भूदलाचे ते ‘पी 08’. त्याच्या फ्रेमवर, नळीवर आणि नळी ज्यात बसते त्या वरच्या भागावर पूर्ण नंबर असतो. चाप, बाजूचे झाकण, सेफ्टीचा खटका, टॉगलचे सांधे अशा लहान भागांवर त्याच नंबराचे शेवटचे दोन आकडे. लष्करी पिस्तुलांत हे आकडे वरून दिसतील असे मारलेले असत; खासगी विक्रीच्या पिस्तुलांत ते शक्यतो नजरेआड ठेवत. सैनिकाला दोन मॅगझिने मिळत. दोन्हींच्या बुडावर पिस्तुलाचा नंबर, आणि दुसरे मॅगझीन ओळखू यावे म्हणून त्यावर अधिकचे चिन्ह. मॅगझीन ही रणांगणावर सर्वांत आधी हरवणारी वस्तू. म्हणून दोन्ही मॅगझिने आणि पिस्तूल एकाच नंबराचे असलेला संच आज दुर्मीळ आहे, आणि त्याची किंमत सुट्या पिस्तुलाच्या कितीतरी पट होते.

नंबराची गणनाही समजून घ्यावी लागते. पी 08 चे नंबर एकपासून दहा हजारांपर्यंत जात, मग पुन्हा एकपासून सुरू होत आणि खाली रोमन लिपीतील एक लहान अक्षर लागे: आधी ‘ए’, मग ‘बी’ आणि पुढे. वर्ष बदलले की सारे पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे नुसता ‘4512’ हा नंबर शेकडो पिस्तुलांवर सापडेल. कारखाना, वर्ष, आकडा आणि अक्षर या चारही गोष्टी मिळून एक पिस्तूल ठरते. याचा लाभ लबाडांनाही होतो. दुसऱ्याच वर्षाच्या, पण शेवटचे दोन आकडे सारखे असलेल्या पिस्तुलाचा चाप काढून बसवला, तर आकडे जुळतात आणि भाग मात्र परका राहतो. अशा वेळी निवाडा आकड्यांवर न होता इतर खुणांवर होतो. पंचाच्या अक्षरांचे वळण, तपासनिसाचा शिक्का आणि पृष्ठभागाचा रंग या खुणा बोलक्या ठरतात. 1937 पर्यंत पी 08 चे काही लहान भाग तापवून गवती पिवळ्या रंगाचे ठेवलेले असत. त्यानंतर तेही निळे-काळे होऊ लागले. 1940 च्या पिस्तुलात पिवळा चाप दिसला, तर नंबर जुळत असूनही तो त्या पिस्तुलाचा नाही.

माऊझर कारखान्याच्या 1896 च्या पिस्तुलाची गोष्ट याहून थोडी निराळी. त्याची लाकडी पेटी म्हणजे म्यानही आणि दस्ताही: पिस्तूल आत ठेवायचे, आणि बाहेर काढून तीच पेटी मुठीच्या मागे अडकवली की बंदुकीसारखी खांद्याला लावून नेम धरता येतो. या पेटीच्या लोखंडी तोंडावरही पुष्कळदा पिस्तुलाचा नंबर असतो. पहिल्या महायुद्धात प्रशियाच्या सैन्याने हे पिस्तूल 9 मिलिमीटर बोअरमध्ये मागवले, तेव्हा चुकीचे काडतूस भरले जाऊ नये म्हणून मुठीच्या लाकडावर मोठा 9 कोरून त्यात लाल रंग भरला. लाल 9 असलेल्या मुठी पुढे बनावटखोरांनी भरपूर तयार केल्या, कारण लाकूड कोरणे पोलाद ठोकण्यापेक्षा सोपे.

अमेरिकी सैन्याने नेमका उलटा मार्ग धरला. 1911 मध्ये स्वीकारलेल्या .45 बोअरच्या कोल्ट पिस्तुलाचा प्रत्येक भाग दुसऱ्या कोणत्याही पिस्तुलात बसला पाहिजे, अशी सरकारची अट होती. म्हणून नंबर एकट्या फ्रेमवर. तिथे ‘सर्व नंबर जुळतात का’ हा प्रश्नच गैरलागू आहे. विचारायचे ते असे की स्लाइडवरची अक्षरे, नळीवरचे शिक्के, मुठीच्या पट्ट्या आणि स्क्रू हे त्या नंबराच्या काळाशी सुसंगत आहेत का. लुगरची फूटपट्टी कोल्टला लावणारा संग्राहक चांगले पिस्तूल हातचे घालवतो किंवा सामान्य पिस्तुलाला भलती किंमत देतो.

ब्रिटिशांचे वेब्ली रिव्हॉल्व्हर या दोहोंच्या मधले. 1887 मध्ये सैन्याने पहिला नमुना घेतला आणि 1915 मध्ये सहावा. फ्रेमवरचा नंबर सिलिंडरवरही मारलेला असतो, कारण सिलिंडरची भोके आणि नळी एका रेषेत येणे हाच रिव्हॉल्व्हरचा प्राण. सरकारी मालावर बाणाचे चिन्ह असते; हिंदुस्थान सरकारच्या मालावर त्याच बाणाबरोबर ‘आय’ हे अक्षर. हे अक्षर पाहून हत्यार ‘देशी बनावटीचे’ आहे असा अर्थ काढला जातो, तो चुकीचा. हत्यार हिंदुस्थानच्या लष्करी भांडारात होते इतकेच ते सांगते. शिवाय पहिल्या महायुद्धापर्यंत अनेक अधिकारी स्वतःच्या पैशाने पिस्तूल विकत घेत. अशा वेब्लीवर बाण नसतोच, आणि तरीही ते लढाईत वापरलेले असू शकते. पुढे अमेरिकेत गेलेल्या हजारो वेब्लींच्या सिलिंडरची मागची बाजू तासून त्यांत स्वस्त मिळणारे .45 चे काडतूस बसेल अशी सोय केली गेली. त्यांचे नंबर आजही जुळतात, पण मूळ .455 चे हत्यार मात्र त्यांत उरलेले नाही. नंबर जुळणे आणि अस्सल असणे या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर आणखी एक जात तयार झाली. सोव्हिएत सैन्याने पूर्व आघाडीवर लाखो जर्मन हत्यारे जप्त केली. ती भांडारात सुटी करून, साफ करून, नव्याने रंगाच्या हौदात बुडवून पुन्हा जुळवली गेली. जोडताना मूळ जोड्या पाहण्याचे कारणच नव्हते. न जुळणाऱ्या भागांवर विजेच्या लेखणीने नवा नंबर लिहिला, जुना खोडला. यात कोणाला फसवण्याचा हेतू नव्हता. भांडाराच्या हिशेबाला एक हत्यार, एक नंबर हवा होता. संग्राहकांच्या बाजारात अशा पिस्तुलांना कमी भाव मिळतो. तरी त्यांची अवहेलना करणे योग्य नव्हे. जप्ती, दुरुस्ती आणि शीतयुद्धातली अनेक दशके भांडारात पडून राहणे, हा त्यांचा खरा इतिहास आहे आणि तो त्यांच्या अंगावर स्पष्ट लिहिलेला आहे. खोटेपणा सुरू होतो तो यानंतर कोणी त्या लेखणीच्या खुणा घासून, मूळ वळणाचे पंच करवून, नंबर ‘जुळवून’ देतो तेव्हा.

असे जुळवलेले नंबर ओळखण्याच्या रीती ठरलेल्या आहेत. पॉलिशच्या चाकावर घासलेल्या पोलादाच्या कडा गोल होतात, स्क्रूच्या भोकांचे काठ खोलगट होतात, जुनी अक्षरे पुसट दिसतात. जुन्या रंगावरून नव्याने पंच मारला तर आकड्याच्या काठाशी रंग फाटतो आणि धातूची बारीक कड वर उठते. घासून टाकलेला आकडाही पुरता नाहीसा होत नाही. पंचाच्या ठोक्याने आकड्याखालचे पोलाद खोलवर दाबले गेलेले असते. त्या जागी आम्ल आणि तांब्याच्या क्षाराचे द्रावण लावले, की दाबलेला आणि न दाबलेला भाग वेगवेगळ्या गतीने झिजतो आणि गेलेला आकडा काही क्षण पुन्हा दिसतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळांत ही पद्धत नित्याची आहे.

हिंदुस्थानात पिस्तुलाच्या नंबराला महत्त्व आले ते संग्राहकांमुळे नव्हे, क्रांतिकारकांमुळे. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्याआधी लंडनहून वीस ब्राऊनिंग पिस्तुले पेटीच्या खोट्या तळात दडवून मुंबईला आली होती. सावरकरांवरील खटल्यात ही पिस्तुलेच मुख्य दुवा ठरली. जवळजवळ पाच वर्षांनी, 26 ऑगस्ट 1914 रोजी, कलकत्त्याच्या रोडा कंपनीच्या मालातील दहा पेट्या जकात कचेरीतून सोडवून नेताना वाटेतच नाहीशा झाल्या. त्यांत 50 माऊझर पिस्तुले आणि 46 हजार काडतुसे होती. प्रत्येक पिस्तुलाचा नंबर कंपनीच्या वहीत नोंदलेला होता. 1918 च्या रौलट समितीच्या अहवालानुसार यांतली 44 पिस्तुले जवळजवळ लगेच बंगालमधल्या नऊ गटांत वाटली गेली, आणि अहवालापर्यंत 31 परत हाती लागली. पूर्व बंगालच्या एखाद्या गावात पकडलेले पिस्तूल कलकत्त्याच्या त्याच चोरीतले, हे नंबर आणि वही यांमुळेच सांगता आले. एकट्या नंबराला मोल नाही. दुसरीकडे कुठेतरी तोच नंबर स्वतंत्रपणे लिहून ठेवलेला असावा लागतो.

हे मध्य प्रदेशात इंदूरला जितके स्पष्ट दिसले, तितके क्वचितच कुठे दिसले असेल. 17 डिसेंबर 1928 रोजी लाहोरला पोलीस अधिकारी साँडर्सवर पहिली गोळी झाडली ती पुणे जिल्ह्यातल्या खेडच्या शिवराम हरी राजगुरूंनी, त्यामागोमाग भगतसिंगांनी .32 बोअरच्या कोल्ट पिस्तुलातून. 8 एप्रिल 1929 रोजी दिल्लीच्या असेंब्लीत बॉम्ब टाकल्यावर भगतसिंगांनी पळ न काढता आपले पिस्तूल पोलिसांच्या हवाली केले. लाहोर कट खटल्याच्या कागदांत त्याचा नंबर नोंदला गेला: 168896. पुढे ते पंजाब पोलिसांच्या फिल्लौर येथील प्रशिक्षण केंद्रात गेले आणि 1969 मध्ये इतर काही शस्त्रांबरोबर सीमा सुरक्षा दलाच्या इंदूरच्या शस्त्र प्रशिक्षण केंद्रात आले. तिथल्या संग्रहालयात ते अनेक वर्षे होते, पण भगतसिंगांचे म्हणून नव्हे. एक जुने कोल्ट म्हणून. गंज लागू नये म्हणून त्यावर काळा रंग दिलेला होता आणि नंबर त्या रंगाखाली गेला होता. पत्रकार जुपिंदरजीत सिंग यांनी खटल्याचे आणि हस्तांतराचे कागद शोधत माग इंदूरपर्यंत आणला. 2016-17 मध्ये केंद्रातल्या कोल्ट पिस्तुलांवरचा रंग काढून नंबर वाचले गेले, तेव्हा एकावर 168896 निघाला.

कोल्टने .32 बोअरचे हे खिशात मावणारे पिस्तूल 1903 पासून दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत साडेपाच लाखांहून अधिक संख्येने बनवले. मध्य प्रदेशातल्या भाबऱ्यात जन्मलेल्या चंद्रशेखर आझादांचे अलाहाबाद संग्रहालयातले पिस्तूलही याच घराण्यातले. दिसायला दोन्ही सारखी. वेगळेपण नंबराचे आणि कागदांचे. बाजाराच्या हिशेबाने रंगाने माखलेल्या कोल्टला फारसे मोल आले नसते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तो रंग खोडसाळपणा नव्हता, राखणदारीचा भाग होता, आणि त्याच्याखाली आकडा सुरक्षित राहिला. 2017 मध्ये ते पिस्तूल सतलजकाठच्या हुसैनीवाला येथे, जिथे भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांच्या देहांना अग्नी दिला गेला, तिथल्या सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात हलवले गेले.

नंबराची मर्यादा दाखवणारा खटलाही याच प्रदेशाशी जोडलेला आहे. महात्मा गांधींच्या हत्येत वापरलेले पिस्तूल म्हणजे इटालियन सैन्याच्या 1934 च्या नमुन्याचे बेरेटा, नंबर 606824. ते ग्वाल्हेरहून मिळवले गेले, असे लाल किल्ल्यातल्या खटल्यात फिर्यादी पक्षाने मांडले, आणि ग्वाल्हेरचे डॉ. दत्तात्रय परचुरे यांना फेब्रुवारी 1949 मध्ये शिक्षा झाली. त्याच वर्षी पूर्व पंजाब उच्च न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. पिस्तूल कोणते याबद्दल वाद नव्हता. नंबर हत्याराची ओळख पक्की करतो; ते कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेले, हे साक्षीपुराव्यानेच ठरते. घराण्यात ‘आजोबांनी अमुक लढाईत वापरलेले’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या पिस्तुलालाही हाच नियम लागू आहे.

स्वतंत्र भारतात जुन्या लष्करी पिस्तुलांचा खासगी संग्रह फार कमी दिसतो, याचे कारण कायद्यात आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत .380, .455 आणि 9 मिलिमीटर बोअरची पिस्तुले व रिव्हॉल्व्हर, म्हणजे सैन्याचीच काडतुसे चालणारी हत्यारे, प्रतिबंधित वर्गात टाकली गेली. सामान्य परवानाधारकाला उरले मुख्यतः .32. सैन्याच्या बोअरचे वेब्ली, लुगर किंवा ब्राऊनिंग हौसेने जमवण्याची वाट तिथेच बंद झाली. आता चालूच शकत नाही असे, कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेले हत्यार मात्र कायद्याच्या कलम 45 खाली सवलतीत बसू शकते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेतही येते, आणि तिची खासगी निर्यात करता येत नाही.

शस्त्र कायद्याचे कलम 8 नंबराबद्दलच आहे. हत्यारावरचे नाव, नंबर किंवा ओळखचिन्ह खोडणे, बदलणे अथवा खोटे घालणे हा गुन्हा आहे. आणि असे खाडाखोड केलेले हत्यार ज्याच्याजवळ सापडेल, त्यानेच ती केली असे उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते. परदेशी बाजारात नंबर जुळवून देणे ही ग्राहकाची फसवणूक. इथे तो थेट तुरुंगाचा विषय. वारशाने हत्यार आलेल्या माणसाने म्हणूनच गंजलेला नंबर साफ करण्यासाठी त्यावर सँडपेपर फिरवू नये. मऊ कापड आणि हलके तेल, याहून अधिक काही नको.

1 नोव्हेंबर 1956 रोजी भोपाळ मध्य प्रदेशची राजधानी झाली आणि ग्वाल्हेर-इंदूरच्या कचेऱ्यांबरोबर कितीतरी मराठी कुटुंबे भोपाळला आली. अरेरा कॉलनीसारख्या वस्त्यांत स्थिरावलेल्या अशा एखाद्या घरात संस्थानी नोकरीच्या काळातला परवाना आणि त्यावरचे हत्यार आले असेल, तर त्याची सर्वांत मौल्यवान नोंद त्या परवान्याच्या पुस्तकात असते: बनावट, बोअर, नंबर, कधी विकणाऱ्या दुकानाचे नाव. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवण्याची मर्यादा घातली, आणि ती वारशाच्या हत्यारांनाही लागू केली. तिसरे हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागले. जमा करताना बहुधा जुनेच हत्यार दिले जाते, आणि रद्द झालेला परवाना निरुपयोगी कागद म्हणून फेकला जातो. तो फेकण्याआधी हत्याराच्या सर्व नंबरांची आणि शिक्क्यांची जवळून घेतलेली छायाचित्रे, परवान्याच्या प्रत्येक पानाची प्रत आणि जमा केल्याची पावती एकत्र ठेवली, तर ते हत्यार पुढे कोणत्याही मालखान्यात पोहोचले तरी पुन्हा ओळखता येईल.